ज्याला आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी

समोर दिसणाऱ्या माणसासाठी चांगले काम करणे फारसे अवघड नसते. घरी पाहुणा आला की भाजीला दोन जिन्नस जास्त पडतात. साहेब मागे उभे राहिले की हिशेब चोख होतो. पण ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, जो आभार मानायला येणार नाही आणि तक्रार करायलाही येऊ शकणार नाही, त्याच्या वाट्याला आपले कोणते काम जाते?

साधकासाठी हा प्रश्न मोलाचा आहे. ध्यानाला बसल्यावर मन कुठे भटकले हे आपल्याशिवाय कुणाला कळत नाही. कामाचेही तसेच असते. कामाचा एक भाग जगाला दिसतो आणि एक भाग फक्त करणाऱ्याला ठाऊक असतो. हा दुसरा भाग कसा झाला, यावर कधी कधी एखाद्या अनोळखी माणसाचे प्राण अवलंबून असतात. दुसऱ्या महायुद्धातील विमानांचे कारखाने आणि त्या विमानांतून उडणारी माणसे यांच्याकडे पाहिले, तर हा प्रश्न त्याच्या पूर्ण वजनानिशी समोर उभा राहतो.

ठोकणारा एक, टेकू देणारा एक

अमेरिकेतील सिएटल शहरात बोइंग कंपनीचा ‘प्लांट 2’ नावाचा कारखाना होता. तेथे बी-17 हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमान तयार होत असे. शत्रूच्या विमानांना कारखाना ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या छपरावर खोट्या घरांचे, खोट्या झाडांचे आणि खोट्या रस्त्यांचे एक संपूर्ण गाव उभारले होते. त्या खोट्या गावाखाली खरी माणसे दिवसरात्र पाळ्यांमध्ये राबत होती. 1944 च्या सुमारास काम इतके वेगात चालले होते की चोवीस तासांत सोळापर्यंत विमाने बाहेर पडत. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे कामगारांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या. त्यांतल्या अनेकींनी त्यापूर्वी कधी कारखान्याचा उंबरठाही ओलांडला नव्हता.

विमानाचा पत्रा सांगाड्याला रिव्हेटने जोडलेला असतो. एका मोठ्या विमानात असे लाखो रिव्हेट लागतात. रिव्हेट ठोकण्याचे काम एकट्याचे नसते. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारे हत्यार धरतो. दुसरा आत, अनेकदा अंग चोरून बसावे लागेल अशा अरुंद जागेत, लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या शेपटाला टेकवून धरतो. बाहेरचा ठोका आणि आतला टेकू यांच्यामध्ये ते शेपूट चपटे होते आणि जोड पक्का बसतो. ठोकळा जरा कलला तर रिव्हेट वाकडा बसतो. मग तो ड्रिलने काढून नवा घालावा लागतो. यात वेळ जातो, हात दुखतात आणि ठरलेला आकडा मागे पडतो.

काही रिव्हेट शेवटी अशा जागी जात की आतून अस्तर लागल्यावर ते पुन्हा कुणाला दिसत नसत. वाकडा रिव्हेट तसाच सोडला, तर ते सोडणाऱ्यालाच ठाऊक राहणार होते. एका बाजूला थकलेले शरीर आणि दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी माणूस, असा तो निवाडा होता. त्या आवाजात, त्या घाईत, दिवसातून शेकडो वेळा तो करावा लागे.

पंचवीस हजार फुटांवर

तो अनोळखी माणूस बहुधा विशीतला तरुण असे. बी-17 मध्ये साधारणपणे दहा जण असत: वैमानिक, सहवैमानिक, मार्ग शोधणारा, बॉम्ब टाकणारा, बिनतारी यंत्रावरचा आणि तोफा सांभाळणारे. पंचवीस हजार फुटांवर प्राणवायूच्या नळीशिवाय श्वास घेता येत नसे आणि थंडी शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाई. उघड्या खिडकीतून मशीनगन चालवणाऱ्यांची बोटे गारठून निकामी होत. 1943 मध्ये इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकी चमूंसाठी पंचवीस मोहिमा पूर्ण केल्यावर सुटका, असा नियम होता. पण तिथवर न पोहोचणारेच अधिक होते. 14 ऑक्टोबर 1943 रोजी जर्मनीतील श्वाइनफुर्टवर 291 विमाने निघाली आणि त्यांतली 60 परतली नाहीत. एकाच दिवसात सुमारे सहाशे खाटा रिकाम्या झाल्या. युद्ध संपेपर्यंत या एकट्या आठव्या हवाई दलाचे सव्वीस हजारांहून अधिक लोक मरण पावले होते.

अशा ठिकाणी माणूस कशावर भरवसा ठेवतो? देवावर, सोबत्यांवर आणि ज्या यंत्रात बसला आहे त्या यंत्रावर. यंत्रावर भरवसा ठेवणे म्हणजे ते बनवणाऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसांवर भरवसा ठेवणे.

1 फेब्रुवारी 1943 रोजी ट्युनिशियाच्या आकाशात ‘ऑल अमेरिकन’ नावाच्या बी-17 वर एक जर्मन लढाऊ विमान येऊन आदळले. शेपटाकडचा भाग जवळजवळ पूर्ण कापला गेला आणि डाव्या बाजूचे आडवे पंख उडून गेले. शेपटाशी बसलेला तोफची माणूस अजून तिथेच होता. उरलेल्या थोड्याशा धातूवर शेपूट लटकत राहिले. वैमानिकांनी हलक्या हाताने विमान सांभाळत अल्जीरियातील बिस्क्रा येथील तळावर आणले आणि दहाच्या दहा जण सुखरूप उतरले. त्या अवस्थेतील विमानाचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

हे विमान सिएटलमध्येच तयार झालेले होते. वैमानिकांच्या कौशल्याचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे. पण शेपूट ज्या थोड्या जोडांवर टिकले, ते जोड कुणी ठोकले होते? त्या दिवशी ती व्यक्ती कदाचित दुसऱ्याच विमानावर काम करत असेल, कदाचित घरी मुलांना जेवू घालत असेल. आपल्या हातांनी दहा माणसे वाचवली, हे तिला कधी कळलेच नसेल.

नाव कोरलेले एक विमान

मे 1944 मध्ये प्लांट 2 मधून एक विशेष विमान बाहेर पडले. पर्ल हार्बरच्या हल्ल्यानंतर बोइंगने बनवलेले ते पाचहजारावे बी-17 होते. कामगारांनी त्यावर आपापली नावे लिहिली. नाकापासून शेपटापर्यंत हजारो सह्या झाल्या. ‘फाइव्ह ग्रँड’ हे नाव धारण करून ते विमान त्या सह्यांसकट इंग्लंडला गेले, 78 मोहिमा करून मायदेशी परतले आणि युद्धानंतर ॲरिझोनातील किंगमन येथे भंगारात निघाले. सह्या धातूबरोबर वितळून गेल्या.

आपले नाव कुठेतरी राहावे, असे वाटणे मनुष्याला शोभणारेच आहे. त्या कामगारांचा आनंद खरा होता. पण विचार करून पाहावे: आधीच्या 4,999 विमानांवर सह्या नव्हत्या. त्या विमानांत बसलेल्यांचे प्राण काय कमी मोलाचे होते? त्यांतही प्रत्येक जोडात कुणाची तरी सही होतीच. ती शाईची नव्हती, एवढाच फरक. शाईची सही नाव सांगते. कामातली सही करणाऱ्याचा स्वभाव सांगते, आणि ती वाचायला कुणी नसले तरी तिच्यावर वजन पडतेच.

जे घडले नाही, त्याचा साक्षीदार

याच काळात न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात अब्राहम वाल्ड नावाचे गणितज्ञ काम करत होते. ज्यू असल्यामुळे त्यांना व्हिएन्ना सोडावे लागले होते. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे पडली आहेत याची नोंद होत होती. जिथे भोके जास्त तिथे जाड पत्रा लावावा, असे सहज कुणालाही वाटेल. पण वाल्ड यांच्या गणितात न परतलेल्या विमानांनाही जागा होती. ज्या भागावर भोके पडूनही विमान परत आले, तो भाग मार सोसू शकतो हे सिद्धच झाले होते. काळजी करायची ती ज्या भागावर परतलेल्या विमानांत भोके दिसत नाहीत त्याची, कारण तिथे गोळी लागलेली विमाने मोजणीला उरलीच नव्हती. वाल्ड पुढे व्याख्यानांसाठी भारतात आले असताना डिसेंबर 1950 मध्ये निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात पत्नीसह मरण पावले.

त्यांच्या विचारात साधकासाठी एक खूण आहे. चांगल्या कामाचे फळ बहुतेक वेळा ‘न घडलेल्या’ गोष्टीच्या रूपात असते. पूल पडला नाही, औषध उलटले नाही, आग लागली नाही, पंख निखळला नाही. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार कुणी करत नाही आणि तिची बातमी येत नाही. म्हणून जो केवळ दिसणाऱ्या फळासाठी काम करतो, त्याचा उत्साह अशा कामात टिकत नाही. फळाची आसक्ती सोडून काम करावे, ही शिकवण आपण पुष्कळदा ऐकतो आणि ती विरक्तांसाठी आहे असे समजतो. प्रत्यक्षात ती रिव्हेट ठोकणाऱ्याच्या रोजच्या गरजेची आहे. फळ दिसणारच नसेल, तर काम नीट करण्याला आतला आधारच हवा.

शिक्का मारणारा हात

आधार सुटला की काय होते, हेही त्याच युद्धाने दाखवले. ओहायो राज्यातील लॉकलँड येथे राइट एरोनॉटिकल कंपनीचा इंजिनांचा मोठा कारखाना होता. तेथे सदोष माल तपासणीतून पुढे जात असल्याचे 1943 मध्ये सिनेटच्या चौकशी समितीने उजेडात आणले. या समितीचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी तपासणीच्या कामावरील तीन लष्करी अधिकारी कर्तव्यातील हयगयीबद्दल दोषी ठरले.

युद्धानंतर, 1947 मध्ये, आर्थर मिलर यांचे ‘ऑल माय सन्स’ हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातील कारखानदार तडा गेलेले इंजिनाचे भाग सैन्याला पाठवतो आणि एकवीस वैमानिक मरतात. तो वाईट माणूस नाही. कंत्राट हातचे जाईल, धंदा बुडेल, मुलांचे काय होईल, या चिंतेने त्याने ते केलेले असते. आपल्या मुलांसाठी त्याने दुसऱ्यांच्या मुलांचा बळी दिला. शेवटी त्याला उमगते की मेलेले सगळेच त्याचे मुलगे होते. नाटकाच्या नावाचा अर्थ तोच आहे.

येथे आपल्याला गोरोबाकाकांची आठवण व्हावी. संतमेळ्यात मडकी पारखायची थापटी घेऊन त्यांनी एकेकाच्या डोक्यावर मारली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचे सांगितले. नामदेवांना राग आला, पण गोरोबांनी मान ठेवण्यासाठी कच्च्याला पक्के म्हटले नाही. त्या स्पष्ट निवाड्यामुळेच नामदेव गुरूच्या शोधात विसोबांकडे गेले. तपासणाऱ्याने सौजन्यापोटी, भीतीपोटी किंवा घाईपोटी शिक्का मारला, तर तो समोरच्याला दुखवत नाही खरा; पण जो समोर नाही त्याला बुडवतो. खरी करुणा पुष्कळदा शिक्का न मारण्यात असते.

बंगळूरची पाळी

या कथेचा एक धागा आपल्या देशातही आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी सुरू केली. 1943 मध्ये हा कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या ताब्यात गेला आणि तेथे भारतीय कामगारांनी युद्धातील विमानांची मोठ्या प्रमाणावर दुरुस्ती केली.

युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरच्या तळावर अनेक लिबरेटर जातीची बॉम्बफेकी विमाने टाकून दिली. ती पुन्हा कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केली होती. स्वतंत्र भारताला मोठी विमाने हवी होती आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. बंगळूरच्या कामगारांनी कानपूरला जाऊन ती सांगाड्यासारखी विमाने उडण्यापुरती सावरली. मग जमशेद कैकोबाद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली आणि तेथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांवर भारतीय हवाई दलाची तुकडी उभी राहिली. ही विमाने पुढे वीस वर्षे सेवेत राहिली. त्यांतली बरीच वर्षे ती आपल्या समुद्रावर टेहळणी करत होती.

अमेरिकेत ज्या कामगाराने त्या विमानात पहिला रिव्हेट ठोकला, त्याने बंगळूरचे नावही ऐकले नसेल. बंगळूरच्या ज्या कामगाराने तो तपासून जागेवर ठेवला, त्याला त्या अमेरिकनाचा चेहरा ठाऊक नव्हता. मुन्शींनी या दोघांवर विसंबून कानपूरची धावपट्टी सोडली. आपले आयुष्य असेच किती अनोळखी हातांवर उभे आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

पण बॉम्ब कुणावर पडले?

येथपर्यंत येऊन लेख संपवला, तर तो अर्धा आणि सोयीचा होईल. ही विमाने बॉम्ब टाकण्यासाठी बनली होती. जुलै 1943 च्या अखेरीस हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी रात्री आणि अमेरिकनांनी दिवसा हल्ले केले. त्या आगीत तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत कारखान्यात राबणारे होते, म्हातारेकोतारे होते, तळघरात लपलेली मुले होती. मग ज्या हातांनी दहा वैमानिकांना वाचवले, त्या हातांचा या मृत्यूंशी काही संबंध नाही का?

एक उत्तर पटकन सुचते: कामगाराने आपले काम नीट केले, पुढचे वरच्यांनी ठरवले. हे उत्तर अपुरे आहे. परतलेल्या वैमानिकांचे पुण्य आपल्या खात्यावर घ्यायचे आणि जळलेल्या मुलांचा प्रश्न मात्र दुसऱ्याच्या दारात टाकायचा, असा हिशेब प्रामाणिक नाही. फळावर हक्क सांगू नये, याचा अर्थ फळाची चौकशीच करू नये असा होत नाही.

दुसरे उदाहरण पाहू. जर्मनीतील फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणीत कैद्यांकडून मेसरश्मिट लढाऊ विमानांचे भाग बनवून घेतले जात. अशा कारखान्यांत घातपाताच्या संशयावरूनही फाशी होत असे. त्यातल्या एखाद्या उपाशी कैद्याने जीव धोक्यात घालून रिव्हेट मुद्दाम सैल ठोकला असता, तर त्याला आपण कामचुकार म्हणू का? उलट त्या जागी तोच धर्म ठरला असता. म्हणजे कौशल्य हा मोठा गुण असला तरी तो एकट्याने पुरा पडत नाही. ‘काम कसे करतो’ या प्रश्नाबरोबर ‘काम कशासाठी करतो’ हा प्रश्नही विचारावाच लागतो. पहिल्याला निष्ठा म्हणतात आणि दुसऱ्याला विवेक. विवेकाशिवाय निष्ठा आंधळी होते. निष्ठेशिवाय विवेक नुसता बोलका राहतो.

सिएटलच्या कामगारांसमोर लाखो निरपराधांना छावण्यांत मारणारी एक राजवट उभी होती आणि तिला थांबवणे आवश्यक होते. अनेकांचे भाऊ, पती, मुलगे आघाडीवर होते. शहरांवर बॉम्ब टाकणे योग्य होते का, यावर त्या काळीही इंग्लंडमध्ये चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी 1944 मध्ये उमरावांच्या सभागृहात उभे राहून आक्षेप घेतला होता. आज सुरक्षित घरात बसून त्या कामगारांना दोषी ठरवणे हा आपला अधिकार नाही आणि त्यांना सर्व प्रश्नांतून मोकळे करणे हाही नाही. आपल्याला एवढेच शिकायचे आहे की नीट केलेल्या कामाचे हात दूरवर पोहोचतात, आणि जिथवर ते पोहोचतात तिथवर आपली नजरही जायला हवी. रणांगणात अर्जुनाने धनुष्य उचलण्यापूर्वी प्रश्न विचारला. भगवंतांनी त्याच्या विषादावर बोल लावला, पण प्रश्न टाळला नाही. अठरा अध्याय समजावले. प्रश्न विचारणे हा कर्माचा अडथळा नाही. तो कर्मयोगाचा आरंभ आहे.

आपला कारखाना

आपल्यापैकी बहुतेक जण विमाने बनवत नाहीत. पण कुणी इस्पितळात सलाइनची बाटली लावतो, कुणी शाळेच्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये किती सिमेंट पडते हे पाहतो, कुणी बसचे ब्रेक तपासतो, कुणी सेवेत असताना हजार माणसांच्या स्वयंपाकाचे पाणी भरतो, कुणी कागदावर ‘तपासले’ असे लिहून सही करतो. आपण सारे कुणाच्या तरी विमानाचा एखादा रिव्हेट ठोकत असतो. बाहेर ठोकणाऱ्याइतकाच आत टेकू धरून बसलेलाही महत्त्वाचा असतो. घरात तो बहुधा आई असते.

म्हणून तीन साधे नियम स्वतःला लावून पाहावेत.

काम सुरू करताना एक क्षण थांबून, ज्याच्यापर्यंत ते पोहोचणार आहे त्या अनोळखी माणसाला मनात आणावे. त्याचा चेहरा दिसणार नाही. पण तो कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी आई आहे, एवढे पुरे.

सही करताना, शिक्का मारताना किंवा ‘झाले’ असे म्हणताना स्वतःला विचारावे की उद्या या विमानात माझे मूल बसणार असते, तर मी हीच सही केली असती का.

आणि रात्री झोपण्यापूर्वी दुसरा, अधिक कठीण प्रश्न विचारावा: माझे हे चोख काम शेवटी कुणाच्या कामी येते आणि कुणावर जाऊन पडते? याचे उत्तर रोज मिळेलच असे नाही. कधी ते अस्वस्थ करील, कधी काम बदलण्याचे धैर्य मागेल. तरीही तो विचारत राहावे.

आतला रिव्हेट सरळ बसला की वाकडा, हे पाहणारा एक साक्षी प्रत्येकाच्या अंतरात जागा आहे. त्याच्या नजरेसमोर काम करणे हीच पूजा. आणि त्या पूजेचा प्रसाद अशा कुणाच्या तरी हाती पडतो, ज्याला आपण कधी पाहणार नाही.